तांबटाने वाजवून घेतलेलं कार्ड

एका गावात तांबटांची एक आळी होती, आणि त्या आळीत सगळ्यांहून वयस्कर असा एक तांबट राहायचा. पन्नास वर्षं त्याने हंडे, घंगाळी आणि पराती ठोकल्या होत्या. कुठलंही भांडं हातात घ्यायचा, बोटाच्या पेराने टक्कन वाजवायचा आणि सांगायचा, "खणखणीत आहे, न्या," नाहीतर, "तळाला बारीक चीर आहे, राहू द्या." त्याचं सांगणं कधी चुकलं नाही. आळीतले लोक म्हणायचे, कान असावा तर या म्हाताऱ्यासारखा.

पण पन्नास वर्षं हातोडीच्या शेजारी काढल्यावर कान बिचारा किती साथ देणार? तो हळूहळू कामातून गेला होता. तांबटाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नीटसं नाही. कुणाचं बोलणं कळलं नाही, की तो वैतागून म्हणायचा, "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात!"

इकडे त्याच्या बायकोची, तांबटीणबाईंची, नजर मावळत आली होती. उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, चेहरा मात्र कळायचा नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाई शहाणी होती, रडत बसली नाही. एकच गोष्ट सोडायला ती तयार नव्हती, ती म्हणजे सिनेमा. लग्न झाल्यापासून दोघांना तेवढा एकच नाद होता.

म्हणून तांबटाने काम थांबवलं तेव्हा भांडी ठोकायच्या खोलीतच घरचं थिएटर केलं. समोरची भिंत पांढरी करून घेतली, दोन स्पीकर लावले, आणि तांबटीणबाईंच्या खुर्चीजवळ एका लहानशा पत्र्याच्या पेटीत कॉम्प्युटर ठेवला. रोज संध्याकाळी दिवेलागणीला दोघं शेजारी बसायची. भिंतीवर काय दिसतं ते तांबट सांगायचा आणि कोण काय बोललं ते तांबटीण सांगायची. तांबट म्हणायचा, "मी चित्राकडे लक्ष देतो ना, त्यात शब्द सुटतात." तांबटीण म्हणायची, "हो ना, तसंच होतं ते." असा दोघांचा मिळून एक सिनेमा पुरा व्हायचा. त्या दोन तासांवर म्हातारा-म्हातारीचा अख्खा दिवस उभा होता.

होता होता कॉम्प्युटर थकला. भिंतीवर घोडा दौडत निघायचा आणि मधेच एक पाय वर करून उभा राहायचा. जाणत्यांनी सांगितलं, ग्राफिक्स कार्ड गेलं, म्हणजे चित्र तयार करून पुढे धाडणारा भाग गेला, नवा आणा.

तांबट चपला घालून निघाला तेव्हा तांबटीण म्हणाली, "अहो, कसलंही आणा, पण आवाज न करणारं आणा. एवढंच माझं मागणं."

"आवाजाचं मला सांगतेस?" तांबट हसून म्हणाला.

कार्डांचं दुकान आळीच्या तोंडाशीच होतं. ते एक हुशार मुलगी चालवायची. तिने तांबटापुढे दोन कार्डं ठेवली. एक चांगलं हातभर लांब, काळंभोर, त्याला तीन पंखे आणि कडेने रंगीत दिवे. दुसरं साधंसुधं. त्याला पंखाच नव्हता, पाठीवर धातूच्या पातळ पट्ट्यांची दाट रांग तेवढी होती.

"आजोबा," आळीतल्या रिवाजाप्रमाणे मुलगी कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "हे मोठं गेम खेळणाऱ्या पोरांसाठी. याच्यात ताकद फार, म्हणून ते तापतं फार, आणि तापतं म्हणून पंखे फिरतात. सिनेमा बघायला एवढी ताकद लागत नाही. हे लहान पुरेल. याची गरमी या पट्ट्यांतूनच निघून जाते."

तांबटाने दोन्ही चालू करून दाखवायला सांगितलं. मुलीने केली. आळीत दोन्ही बाजूंनी ठाणठाण ठोकाठोक चालली होती. त्या कल्लोळात हत्ती ओरडला असता तरी कळलं नसतं, तिथे पंख्याची काय कथा! शिवाय ऐकणारे कान तांबटाचे. त्याला दोन्ही सारखीच मुकी वाटली.

मुलगी म्हणाली, "इथे काही कळायचं नाही, आजोबा. दोन्ही घरी न्या, आजींना ऐकवा, आणि त्या सांगतील ते ठेवा."

झालं! तांबटाला मिरची झोंबली. ज्या आळीने त्याचा कान वाखाणला, त्या आळीत कालची पोर त्याला सांगते, बायकोला विचारून या!

"पोरी, तुझ्या वडिलांच्या लग्नातला हंडा मी पारखून दिलाय," तो म्हणाला. त्याने दोन्ही कार्डं बंद करायला लावली, एकेक उचललं, कानाशी धरलं आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. बोटाच्या पेराने वाजवलं. मोठ्या कार्डाचा पत्रा टणकन वाजल्याचं बोटाला जाणवलं. लहान कार्डाच्या दाट पट्ट्या बद्द वाजल्या.

"हे बद्द आहे. याच्यात खोट आहे," तांबट म्हणाला. "खणखणीत आहे ते बांध."

म्हाताऱ्या माणसाशी भर बाजारात किती वाद घालायचा? मुलीने मोठं कार्ड बांधून दिलं आणि दुपारी येऊन पेटीत बसवूनही दिलं. लहान पेटीत ते कसंबसं कोंबावं लागलं.

संध्याकाळी सिनेमा लागला. चित्र असं नितळ, की तांबट हरखून गेला. "बघ, बघ, घोड्याच्या आयाळीचा केस अन् केस दिसतोय!" तो म्हणाला. "आणि आवाज? आहे का काही?"

पेटी तांबटिणीच्या कानाशी घोंघावत होती. कोंडलेलं कार्ड तापत होतं आणि तिन्ही पंखे जीव खाऊन फिरत होते. स्पीकर वाढवला तर मारामारीचे आवाज तेवढे वाढायचे, हळू बोललेले शब्द बुडायचे ते बुडायचेच. पण नवऱ्याने इतक्या हौसेने आणलेली वस्तू! तिने विचार केला, याला आता काय सांगायचं?

"छान आहे हो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तांबटाने "काय म्हणाला गं?" विचारलं, की तांबटीण मनानेच काहीतरी सांगायची. तांबट जे दिसतं ते सांगतच असायचा, त्याला जुळेल असं बोलणं ती रचायची. बाईला गोष्टींची हातोटी होती, त्यामुळे आठ-दहा दिवस निभावलं. उलट तांबट म्हणायला लागला, "हल्लीचे सिनेमे फार चांगले लिहितात बुवा!"

तांबटीण हसायची. पण तिचा सिनेमा संपला होता. पूर्वी ती दुपारपासून संध्याकाळची वाट पाहायची, आता दिवेलागण जवळ आली की तिला धास्ती वाटायची. शेजारी बसून माणूस एकटा पडतो, तशी ती एकटी पडली होती.

एके संध्याकाळी सिनेमात दोन भाऊ होते. "भांडतायत बघ, बांधावरून," तांबटाने सांगितलं, आणि मग तो त्यात इतका गुंगला की पुढचं सांगायचंच विसरला. गोष्ट फिरली. वर्षं गेली. थोरला आजारी पडला आणि धाकटा धावत आला. थोरल्याने त्याला घास भरवला, आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला गं?" त्याने विचारलं.

तांबटिणीच्या मनात भाऊ अजून बांधावरच उभे होते. ती ठसक्यात म्हणाली, "म्हणाला, पुन्हा या दारात पाऊल टाकलंस, तर तंगडी मोडून हातात देईन!"

तांबट भिंतीकडे पाहत राहिला. थोरला भाऊ दुसरा घास भरवत होता.

"अगं, असं कसं म्हणेल? डोळा लागला होता का तुझा?" तो जरा चिडूनच बोलला.

पेटीवर लाह्यांची ताटली ठेवलेली होती, तिच्याकडे तांबटाची नजर गेली. ताटलीतल्या लाह्या थरथरत होत्या, कुणी हात न लावता कडेला सरकत होत्या. त्याने उठून पेटीवर तळवा टेकला. आणि जे कानाला दहा दिवस कळलं नव्हतं, ते हाताला एका क्षणात कळलं. पन्नास वर्षं धातू हाताळलेला हात होता तो. धातू इतका हादरतो तेव्हा किती आवाज करतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे रोज असंच वाजतं?" त्याने विचारलं.

"तुम्ही इतक्या हौसेने आणलंत..." तांबटीण म्हणाली.

तांबटाला स्वतःची फार लाज वाटली. तिने मागितली होती ती एकच गोष्ट, आणि त्याने आपला तोरा सांभाळला होता. तो खाली बसला आणि म्हणाला, "मला ऐकू येत नाही गं."

"मला ठाऊक आहे," तांबटीण हळूच, पण त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. "बारा वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबट ते कार्ड काखेत मारून दुकानाकडे निघाला. घरात कबूल करणं निराळं आणि आळीत निराळं. ज्या आळीत कानाच्या जोरावर मान मिळाला, तिथेच कान गेल्याचं सांगायचं होतं. तरी तो गेला.

"पोरी," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही. माझी चूक झाली."

ठोकाठोक जोरात होती. "काय म्हणालात, आजोबा?" मुलीने विचारलं.

"मला ऐकू येत नाही!" तांबट मोठ्याने म्हणाला.

"काय?"

मग मात्र तांबटाने छाती भरून घेतली आणि ओरडला, "अगं, मी बहिरा झालोय! बहिरा!"

एकेक हातोडी थांबली. सगळी आळी त्याच्याकडे बघू लागली. तांबटाने मान खाली घातली. आता हसतील, त्याला वाटलं.

समोरच्या तांबटाने शेजारच्याला विचारलं, "आजोबा काय म्हणाले रे?"

"कुणास ठाऊक," शेजारचा म्हणाला. "मला तरी कुठे ऐकू येतंय!" आणि बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

आधी एकजण हसला, मग दुसरा, मग सगळेच. त्या दिवशी आळीतल्या अर्ध्या लोकांनी आपापल्या कानाची खरी हकिगत एकमेकांना सांगितली, अर्थात ओरडून ओरडून. म्हाताऱ्याचा मान काही कमी झाला नाही. उलट, मोठा माणूस बोलला म्हणून आपल्यालाही बोलता आलं, असं त्यांनी त्याला सांगितलं.

मुलगी लहान कार्ड घेऊन घरी आली. तिने ते पेटीत बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि बाजूला झाली. या वेळी पारख तांबटाची नव्हती. तो तांबटिणीच्या चेहऱ्याकडे पाहत बसला.

थोडा वेळ गेला. तांबटीण म्हणाली, "अगं मुली, कधी सुरू करणार आहेस?"

"आजी, केव्हाच सुरू आहे," मुलगी म्हणाली.

त्या संध्याकाळी नवा सिनेमा लागला. एका मुलीचं लग्न झालं होतं, ती सासरी निघाली होती, आणि अंगणात तिचा बाप उभा होता. तांबटाचे डोळे भरून आले आणि काय दिसतंय ते सांगायचं त्याच्याकडून पुन्हा राहून गेलं.

"काय म्हणतोय गं तो?" त्याने विचारलं.

तांबटिणीने मान किंचित पुढे केली. "काही नाही," ती म्हणाली. "कुणी काही बोलत नाहीये. कुणीतरी रडतंय, आणि कापडाची सळसळ येतेय, कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवतंय."

तांबटाने डोळे पुसून भिंतीकडे पाहिलं. बाप मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनोही, तात्पर्य असं: वस्तू ज्याच्यासाठी घ्यायची, तिची पारख त्यालाच करू द्यावी. आणि आपली उणीव झाकून ठेवू नये, कारण तिचा भार आपल्या शेजारी बसलेलं माणूस मुकाट्याने वाहत असतं.