ठकूमायचा तिखट मोदक

फार वर्षं झाली, आपल्या पणज्या परकरात होत्या तेव्हाची गोष्ट. बोरखेडीत ठकूमाय नावाची एक विधवा राहायची. तिच्या तिखट करंजीचा वास वेशीबाहेर जायचा, असं म्हणतात. सारण कशाचं, तर तुरीच्या डाळीची चुरी, कांद्याची पात आणि मिरची. गरिबाघरचंच, पण खाणारा बोटं चाटायचा.

एका वर्षी पाऊस पडलाच नाही. माणसं रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. घरोघरचं मूठमूठ पीठ ठकूमायकडे यायचं आणि ती साऱ्या गावाच्या करंज्या तळायची. लेकरांचं दिवसाचं जेवण तेवढंच.

आता रीत अशी, की करंज्यांसोबत एक तरी मोदक तळायचा. करंजी बहीण, मोदक भाऊ. बहिणीला एकटीला कढईत सोडायचं नाही. ठकूमायचा सख्खा भाऊ नारबा पलीकडच्याच आळीत राहायचा. पण बापाच्या शेतावरून अबोला धरला होता, आणि तिचा नवरा गेला तेव्हा तो खांदा द्यायलाही आला नाही. ते तिला फार लागलं होतं. एका सकाळी तिनं सांगून टाकलं, की आजपासून मोदक नाही.

आता यात करंज्यांचा काय दोष? पण असं म्हणतात, त्या दिवशी करंजी तेलात पडली की तोंड उघडायची. कडा पाणी लावून चिकटवल्या, दुमडल्या, तरी सारण बाहेर. साऱ्या गावाचं पीठ वाया जायची वेळ आली. दारात लेकरं ताटकळत होती. ठकूमाय हट्टी होती, निर्दय नव्हती. तिनं मोदक वळला, तळला. तरीही करंज्या फुटतच राहिल्या. मग तो गरम मोदक पदरात घेऊन ती नारबाच्या दारात गेली.

"दादा, राग राहू दे तुह्यापाशी, माह्यापाशीबी आहे," ती म्हणाली. "पन हा खाय. लेकरं उपाशी हायेत."

नारबानं हात पुढे केला. मग त्यानं मोदक मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"त्या दिवशी म्या याले पायजे होतं, ठके."

दोघं चुलीशी परतली. नारबा जाळ घालत बसला. उरलेल्या मूठभर पिठातून दिवस मावळेपर्यंत करंज्या निघत राहिल्या, आणि एकही फुटली नाही, असं म्हणतात.

बोरखेडीत अजूनही करंज्यांच्या पहिल्या घाण्यातला तिखट मोदक घरात कोणी खात नाही. ज्या घराशी बोलणं तुटलंय, तिथे तो गरम असतानाच पोचवतात. घेणाऱ्यानं काही बोललंच पाहिजे असं नाही. अर्धा मात्र मोडून परत द्यावा लागतो.