दुपार रद्द

आटपाट जंगल होतं, असं म्हणायची पद्धत आहे. पण हे जंगल सपाट नव्हतंच, डोंगराच्या उतारावर होतं आणि तिथंच सगळा घोळ झाला. संध्याकाळी तिथं सावल्या फार लांब पडत.

खोकड म्हणजे कोल्ह्याहूनही बारका प्राणी. पण हा खोकड हुशार. निवडणुकीत त्यानं सगळ्या सभा उन्हं कलल्यावर घेतल्या. उन्हाकडं पाठ करून वारुळावर उभं राहायचं, की सावली थेट ओढ्यापार. 'ज्याची सावली लांब, तोच जंगलाचा खांब' ही त्याची घोषणा. विरोधात हत्ती उभा होता. त्या भोळ्यानं भर दुपारी सभा घेतली, सावली पोटाखालीच राहिली आणि बिचाऱ्याचं डिपॉझिट गेलं. खोकड महाराज झाला.

तर या जंगलात साळूबाई तिसरीला विज्ञान शिकवायच्या. जातीच्या साळिंदर, म्हणजे खरं तर रात्री जागणाऱ्या; पण पोटासाठी दिवसाची नोकरी धरलेली. प्रयोगाचं साहित्य शाळेला दरसाल मिळायचं, फक्त कागदावर. मग बाईंनी काय करावं? स्वतःच्या पाठीचा एक काटा उपटला, अंगणात रोवला आणि पोरांना सांगितलं, सावलीच्या टोकाला खडे मांडा. सकाळी लांब, दुपारी आखूड, संध्याकाळी परत लांब. पोरं जाम खूश. बाईंनी गृहपाठही दिला, की कुणाची तरी दुपारची सावली मोजून आणा.

आता घरच्यांची सावली मोजून गप्प बसेल ती सशाची ठकी कसली! ती दोरी घेऊन थेट सरकारी कोठारापाशी गेली. तिथं महाराज उभं राहून पोती बाहेर काढवून घेत होते. दुसऱ्या दिवशी ठकीनं वर्गात दोरी ताणून दाखवली.

"बाई, महाराज माझ्याएवढेच कसे?"

बाईंनी घाईघाईनं विषय बदलला. पण पोरांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? संध्याकाळपर्यंत जंगलभर बोभाटा झाला.

लगेच शिक्षणाधिकारी घोरपडसाहेब हुकूम घेऊन हजर. साहेबांचा गुण एकच, एकदा धरलेली खुर्ची सोडायची नाही. हुकूम असा, की आजपासून दुपार रद्द. सकाळ संपली की एकदम संध्याकाळ. दुपार ही बाहेरून आलेली रूढी असून तिच्यामुळं उकाडा होतो. कावळ्यांनी लगोलग बातमी दिली, की उकाडा संपला. ज्यांना तरीही घाम आला, त्यांच्यामागं चौकशी लागली.

साळूबाईंना आधी हसूच आलं. पण जेवणाची घंटा झाली आणि खिचडीचं पातेलं काही आलं नाही. त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, जी वेळच नाही, त्या वेळचं जेवण सरकारनं द्यायचं तरी कसं?"

खिचडीचे तांदूळ कोठारात गेले आणि कोठारातून महाराजांच्या बिळात. तेही नेमके दुपारीच, कारण त्या वेळी काही घडलंच नाही असं धरायचं होतं. इकडं काट्याची सावली आखूड झाली, की पोरं पोट धरून बसायची. माझा मेलीचा धडा पोरांच्या ताटावर आला, असं साळूबाई स्वतःशी म्हणायच्या.

पुढं शाळेला 'दुपारमुक्त शाळा' हा किताब जाहीर झाला. समारंभ सूर्योदयाला, महाराजांच्या हस्ते. पण पुढारी कधी वेळेवर आलाय का? वाटेत हारतुरे झाले, दोन-चार उद्घाटनं झाली. महाराज उगवले तेव्हा ऊन टाळूवर आलेलं. आता त्यांना सांगणार कोण? दुपार म्हणावं तर हुकूम मोडतो. सगळे म्हणाले, काय प्रसन्न सकाळ आहे महाराज. महाराज सवयीनं अंगणातल्या वारुळावर चढले. सावली जेमतेम पायाखाली. जंगल नुसतं बघत राहिलं आणि मागच्या रांगेत पोरं खुदखुदू लागली.

तेव्हा साळूबाई उठल्या. जाणारी नोकरी डोळ्यांपुढं दिसत होती, काटे मात्र ताठ. हात जोडून म्हणाल्या, "महाराज, पोरांच्या अभ्यासाचं आहे. आपली ही सावली सकाळची म्हणून शिकवू, की दुपारची?"

महाराजांनी खाली बघितलं. सकाळ म्हणावं तर आपण एवढेच ठरतो. दुपार म्हणावं तर खिचडी आली. त्यांनी घसा खाकरला.

"दुपारची," ते म्हणाले. "अर्थातच दुपारची."

"मग पातेलं आणा," बाई म्हणाल्या.

पोरं पोटभर जेवली. ठकीनं तर पातेलं चाटून घेतलं.

थोड्याच दिवसांत शाळेच्या अंगणात झाडाएवढा फलक लागला: 'जंगलाला दुपार मिळवून दिल्याबद्दल महाराजांचे जाहीर आभार.' खिचडी रोज येते, खोटं कशाला बोला. फलक लावताना उपटला गेलेला काटाही साळूबाईंनी परत रोवला, पण त्याची सावली काही दिसेना. अंगणभर फलकाचीच पडली होती.