लेप जपणारा पिस्टन

गावात ट्रॅक्टरला जावयाचा मान होता, तेव्हाची गोष्ट. यासीन मिस्त्रीने जुन्या इंजिनात नवा पिस्टन बसवला. झीज होऊ नये म्हणून त्याच्या अंगाला काळा लेप दिला होता. हळद लागलेल्या नवरदेवासारखा तो फुगून बसला.

"मी हलणार नाही. लेप खरवडला जाईल."

पिस्टनला वरखाली ढकलणारा म्हातारा क्रँक करवादला, "अरे शहाण्या, तू खरवडला जाऊ नयेस म्हणूनच तो लेप आहे. चल, पेरणी खोळंबलीय!"

"मामा, तुम्ही जळता माझ्यावर."

क्रँकने सगळा जोर लावला. पिस्टन तसूभर हलला नाही. शेवटी मिस्त्रीने शिवी हासडून त्याला उपटला आणि जुना, ओरखडलेलाच परत बसवला. ट्रॅक्टर धडधडत शेतात गेला.

नवा आता मिस्त्रीच्या टेबलावर उताणा असतो. लेप अगदी शाबूत आहे. मिस्त्री त्याच्या पोटात विड्या विझवतो.