फुली मारलेलं हेड

ही गोष्ट फार पूर्वीची म्हणता येणार नाही, कारण हिच्यात डिझेलचं इंजिन आहे. माणसं मात्र फार पूर्वीपासून आहेत तशीच आहेत.

एका धरणाच्या काठी एक लाँचवाला राहत होता. पलीकडच्या गावांना रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालण्यात अख्खा दिवस मोडायचा. लाँचने अर्धा तास. बाजार, दवाखाना, माहेर, सगळं त्या एका लाँचवर चालायचं. वीस वर्षांत त्याला कोणी इंजिनाबद्दल विचारलं नव्हतं. तो धक्क्यावर दिसला की लोक चढायचे. हा विश्वास हीच त्याची खरी मिळकत होती, आणि हे त्याला ठाऊकही होतं.

पैलतीरावरच्या देवीची जत्रा पाच दिवसांवर आली आणि इंजिन तापायला लागलं. लाँचवाल्याने इंजिनाच्या माथ्यावरचं बिडाचं जड झाकण, ज्याला सगळे हेड म्हणतात, ते उतरवलं, पोत्यात घातलं आणि तालुक्याला म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं.

मिस्त्री तिरसट होता. आलेल्याला बस म्हणायचा नाही, की गोड शब्द बोलायचा नाही. त्याने हेडची भोकं बंद केली, आत हवा भरली आणि पंक्चर काढताना ट्यूब बुडवतात तसं ते गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. एका जागेवरून बुडबुडे वर येत राहिले.

"बघ," मिस्त्री म्हणाला. "चिरलंय. ह्ये आता मेलं."

"कायतरी करा की मिस्त्रीबाबा. जत्रा तोंडावर आलीया."

"जत्रा तुजी हाय. हेडला काय तिचं? नवं मागीव. आठ-धा दिस लागतील."

"तवर म्या धक्क्यावर बसून माशा मारू?"

मिस्त्रीची एक रीत होती. जे हेड कामातून गेलं, त्याच्या कडेवर तो छिन्नीने फुली मारायचा. पुन्हा ते कोणाच्या इंजिनावर चढू नये म्हणून. लाँचवाला "अवो, थांबा" म्हणेपर्यंत दोन घाव बसलेसुद्धा.

लाँचवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माज्या वस्तूवर फुली मारनारं तुमी कोन?" असं ओरडून त्याने हेड उचललं आणि रस्ता ओलांडून समोरच्या नव्या वर्कशॉपात शिरला.

तिथे खुर्ची होती, पंखा होता, चहा आला. मालकाने हेड जरा उलटसुलट केलं. "एवढंच ना? परवा घेऊन जा. म्हाताऱ्याला हल्ली धड दिसत नाही."

"पान्यात बुडवून बघनार न्हाई का?"

"अहो, आम्ही नुसत्या हाताने ओळखतो."

बुडबुडे लाँचवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण त्या दिवशी त्याला खरं नको होतं, जत्रा हवी होती. तो मान डोलवून घरी गेला.

तिसऱ्या दिवशी हेड मिळालं. भेगेत कसलासा मसाला भरलेला, फुली घासून सपाट केलेली, वर चंदेरी रंग. बघूनच जीव सुखावला.

जत्रा झकास पार पडली. लाँच भरभरून गेली आणि प्रत्येक फेरीत लाँचवाला मिस्त्रीची नक्कल करायचा. डोळे बारीक करून, हात थरथरवून. "जित्याला मेलं म्हनतो म्हातारा!" लोक पोट धरून हसायचे. त्या हसणाऱ्यांत ट्रॅक्टरवाले होते, जीपवाले होते, गिरणीवाले होते. त्यांचीही हेडं समोरच्या वर्कशॉपात जायला लागली. खुर्ची, पंखा आणि गोड बोलणं कोणाला नको असतं? महिन्याभरात म्हाताऱ्याकडे कोणी फिरकेना. त्याने टाकी भंगारात दिली आणि दार लावून घरी बसला.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी, ऐन पाण्याच्या मध्यावर मसाला सुटला. इंजिनात पाणी शिरलं आणि ते जागच्या जागी अडकलं. वारा जोराचा होता. लाँच भरकटली, बुडालेल्या गावठाणातल्या एका भिंतीवर आदळून कलंडली आणि अकरा माणसं पाण्यात पडली. दहा जणांना कोळ्यांनी ओढून काढलं. अकरावी कासारीण होती. तिच्या पाठीला बांगड्यांची पेटी बांधलेली होती, त्या ओझ्याने ती वर आलीच नाही.

वर्कशॉपच्या मालकाने हात झटकले. "फुली मारलेलं हेड तुम्हीच आणलंत. मी मागायला आलो नव्हतो." ऐकणाऱ्याला राग यावा असंच ते बोलणं होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

लाँचवाल्याने नवंकोरं हेड आणून बसवलं. धक्क्यावर उभा राहिला. कोणी चढेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "मिस्त्रीनं बगून सांगूदे. त्यो बरं म्हनला तर चढू."

लाँचवाला हेड पुन्हा उतरवून मिस्त्रीच्या घरी धावला. पायांवर डोकं ठेवून रडला. मिस्त्रीने ते हेड हातात घेतलं, बराच वेळ फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"नवं दिसतंय. पर नव्यातबी बीड वतताना ऱ्हायलेली खोट असती. डोळ्यांस्नी दिसत न्हाई. टाकी आता हाय कुटं?"

"मिस्त्रीबाबा, नुसतं तोंडानं म्हना, चांगलं हाय म्हनून. लोक तुमचंच आयकतील."

"बघितल्याबिगर चांगलं म्हननारा पायजे?" मिस्त्री म्हणाला. "मग त्यो हाय की. माज्या दुकानाच्या समोरच."

लाँचवाला हेड खांद्यावर घेऊन परतला.

आठवड्याने त्याच्या बायकोला पलीकडून निरोप आला, आई अंथरुणाला खिळली म्हणून. तिने भाकरी बांधली, पोरीचा हात धरला आणि डोंगराच्या रस्त्याला लागली.

"अगं, घरची लाँच असताना पायी कशापायी?" तो मागून म्हणाला.

ती थांबली. "अवो, इंजिन चांगलं हाय का?" तिने विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

त्याने पोरीकडे पाहिलं. हो म्हणायला तोंड उघडलं, पण ते म्हणण्याची त्याची छाती झाली नाही. त्या दोघी वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

तात्पर्य एवढंच: कडू का होईना, पण खरं सांगणाऱ्याचं दुकान आपणच बंद पाडलं, तर पुढे आपलं चांगलं आहे की वाईट, हे आपल्यालाही कळायची सोय उरत नाही.