उस्तादांच्या हातची रायफल

"म्हणजे आजही नाही?"

ऋजुताने विचारलं तेव्हा दस्तगीरचाचा तेलाच्या चिंधीने नळी पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चाचा, तुम्हालाच विचारतेय."

"ऐकू येतंय की. कान गेले नाहीत अजून."

मिरजेबाहेर टेकडीच्या पायथ्याशी नेमबाजीच्या सरावाची एक जुनी चांदमारी होती. समोर मातीचा उंच बांध, अलीकडे पत्र्याची शेड. दस्तगीर शिकलगार तिथले उस्ताद. क्लबची एक जुनी रायफल त्यांच्या ताब्यात असे. लाकडी दस्त्याची, त्यांच्याहूनही वयाने मोठी. जुन्या रायफलींची स्पर्धा पुण्याला भरायची, आणि त्या एकुलत्या एक रायफलीने कोण खेळणार ते चाचा ठरवायचे. चाचा नाही म्हणाले की विषय संपला.

ऋजुता माईणकर साधीसुधी नेमबाज नव्हती. एअर रायफलमध्ये राज्याचं सुवर्णपदक होतं तिच्याकडे, आणि ते आहे हे ती कुणाला विसरू देत नसे. चाचांनी मात्र आल्या दिवशी तिच्या हातात स्प्रिंगची जुनाट छर्ऱ्याची बंदूक दिली होती. तिने सवयीने जाकीट आवळलं, दस्ता खांद्यात गच्च रोवला आणि मारले छर्रे. कबुतरांना दाणे फेकावेत तसे ते कागदभर विखुरले.

"आवळू नको," चाचा म्हणाले होते. "ही आत हिसका देते. देऊ दे तिला. तव्यावरची भाकरी तळव्यावर घेतेस ना, तशी धर."

"मी भाकरी करत नाही."

"दिसतंय की."

पण पोरगी चिवट. पावसाळा सरला, थंडी पडली, आणि तिचे छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जाऊ लागले. तरी मोठी रायफल काही हाताला लागेना.

"माझं काय चुकतंय ते तरी सांगा. नेम चुकतो?"

"नाही."

"मी घाबरते असं वाटतं तुम्हाला?"

चाचांनी आता कुठे तिच्याकडे पाहिलं.

"घाबरतेस?"

"मुळीच नाही."

हे तिने जरा जास्तच चटकन सांगितलं. खरी गोष्ट अशी, की कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या कपातला चहा डचमळायचा. दिवाळीत ती कानात बोळे घालून आतल्या खोलीत बसायची. एअर रायफलीला आवाज तो केवढा! त्यामुळे ही गोष्ट पदकाखाली झाकून गेली होती. मोठ्या रायफलीपुढे ती उघडी पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि हवी होती तीच रायफल.

"लेट तिथं," चाचा म्हणाले. "कानावर ती झाकणं चढव."

ती सतरंजीवर पालथी झाली. चाचांनी पाठ फिरवली, काहीतरी खुटखुट केलं आणि वळून बंद रायफल तिच्या हातात दिली.

"मार."

धाडकन आवाज झाला. खांद्याला धक्का बसला. गोळी काळ्या वर्तुळाबाहेर, वरती गेली.

"पहिली अशीच जाते. नळीत तेल असतं. आण."

त्यांनी रायफल घेतली, रिकामं काडतूस झटकलं, पुन्हा पाठ फिरवली, पुन्हा दिली.

"मार."

या वेळी वर्तुळाच्या आत. ऋजुताच्या ओठांवर हसू आलं. चाचा हसले नाहीत. रायफल घेतली, पाठ फिरवली, दिली.

"मार."

तिने चाप ओढला.

टक्.

आवाज तेवढाच. धूर नाही, धक्का नाही. पण नळीचं तोंड मात्र वीतभर खाली गेलं होतं, आणि ऋजुताचे डोळे गच्च मिटलेले होते.

…

बांधापलीकडे कुणाची तरी म्हैस हंबरली.

तिने हळूच कान मोकळे केले. "रिकामी होती."

"होय."

"हेच दाखवायचं होतं ना तुम्हाला? दिसलं. मी दचकते. कुकरच्या शिट्टीलाही दचकते. झालं समाधान?"

ती उठली आणि रायफल एका हातात तशीच धरून दुसऱ्या हाताने सामान पिशवीत कोंबायला लागली.

"कुठं निघालीस?"

"घरी. दचकणाऱ्या पोरीला कोण रायफल देतंय?"

"मी दचकतो," चाचा म्हणाले.

तिचा हात थांबला. "तुम्ही?"

"अजून. दार आपटलं की चहा सांडतो. आमची बीबी हसून हसून बेजार व्हायची. सगळ्या जगापुढं उस्ताद, म्हणायची, आणि दाराच्या कडीला भितो." चाचांनी चिंधी घडी करून गुडघ्यावर ठेवली. "आधी गोळी जाऊ द्यायची, मग दचकायचं. एवढंच शिकायचं असतं, बेटा. ते येईल तुला."

"म्हणजे… नकार त्यासाठी नव्हता?"

"नाही."

"मग कशासाठी?"

चाचांनी हात पुढे केला. "आण ती इकडं."

"रिकामीच आहे," तिने रायफल देत सांगितलं. "आत्ताच नाही का टक् झालं."

चाचांनी काडतुसाची जागा झाकणारा बोल्ट सरळ मागे ओढला. रायफल उजेडाकडे तिरपी करून आत पाहिलं. मग करंगळी आत घातली, चाचपली, बाहेर काढली.

तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

…

ऋजुता उभी होती तिथेच उभी राहिली.

हातात आलेली बंदूक आधी उघडून बघायची. पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरालाही हे ठाऊक असतं. मैदानावर ती सख्ख्या भावाच्या हातची बंदूकही बघून घ्यायची, त्यावरून तो चिडायचा. आणि इथे? तिन्ही वेळा बंद रायफल हातात आली, तिन्ही वेळा तिने ती तशीच खांद्याला लावली. छर्ऱ्याच्या बंदुकीचंही तेच. इतके महिने, एकदाही नाही. उस्तादांनी दिलेली. त्यांच्या तोंडासमोर उघडून बघायची? एवढा उद्धटपणा कोण करील…

"पण चाचा," ती पुटपुटली, "तुम्ही दिली होती."

"मी म्हातारा आहे. विसरतो."

त्यांनी पाठ फिरवली. बोल्ट बंद झाल्याचा आवाज आला. ते वळले.

"घे. रिकामी आहे."

तिने घेतली. नळी बांधाकडे धरली. चाचा पांढऱ्या भुवयांखालून तिच्याकडे बघत होते. त्या नजरेसमोर बोल्टला हात लावणं म्हणजे आईने भरवलेला घास हुंगून बघण्यासारखं वाटलं तिला. कानाच्या पाळ्या तापल्या.

तिने बोल्ट मागे ओढला. आत पाहिलं. करंगळी घातली. गार, तेलकट, पोकळ.

"रिकामी आहे," ती म्हणाली. स्वतःला ऐकू येईल इतपतच.

"मी तेच सांगितलं की. माझ्यावर विश्वास नाही?"

ऋजुताने खाली पाहिलं. मग वर.

"नाही, चाचा."

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून एक काडतूस काढलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.

"आता तू भर."