अंधशाळेच्या बसची गळती

मिरजेच्या अंधशाळेकडे एकच बस होती. एका सकाळी मुलांना उतरवून ती अंगणात उभी राहिली आणि तिच्याखाली तेलाचं थारोळं साचलं. संस्थेचे अध्यक्ष डॉक्टर सबनीस नावाजलेले सर्जन होते आणि आपलं म्हणणं कुणी खोडलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी वाकून पाहिलं आणि बसची दुरुस्ती करणाऱ्या तय्यब मिस्त्रींना फर्मावलं, "तेल खालून गळतंय. इंजिन उतरवा."

इंजिन उतरवलं की बस महिनाभर बंद राहणार आणि खेड्यांतली मुलं घरीच अडकणार, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. ते म्हणाले, "आधी इंजिन धुतो, कोरडं करतो, चालू करून बघतो. मग ठरवू."

"धुऊन काय होणार? गळती मला डोळ्यांनी दिसतेय."

"डॉक्टरसाहेब, कपाळ फुटलेला माणूस तुमच्याकडे आला आणि रक्त पायावर ठिबकत असलं, तर टाके पायाला घालता का?"

डॉक्टर सावकाश म्हणाले, "नाही. आधी रक्त पुसतो. जखम शोधतो."

"मग मलाही पुसू द्या."

डॉक्टरांनी कोट काढला आणि टॉर्च धरून ते स्वतःच उभे राहिले. धुतलेलं इंजिन पंधरा मिनिटं चाललं, तेव्हा वरच्या झाकणापासून तेलाचा ताजा ओघळ खाली येताना दिसला. झाकणाखालचं पॅकिंग फाटलं होतं. मिस्त्रींनी ते तासाभरात बदललं.

दुपारी शाळा सुटली, तेव्हा मुलं रोजच्यासारखी एकमेकांचा हात धरून बसमध्ये चढली.