पाखऱ्याची शेवटची कांडी

फार वर्षांपूर्वी, कुंभेरीच्या खोऱ्यात गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हा, तिथं तुळाजी ढेबे नावाचा माणूस राहायचा. आईबाप लवकर गेलेले, लग्न झालेलं नाही. बोलायला होता तो एकच, पाखऱ्या वळू. आईवेगळं वासरू, ते तुळाजीनं चमच्यानं दूध पाजून वाढवलेलं. असं म्हणतात, तुळाजी जेवायला बसला की पाखऱ्या दारातून मान आत घालायचा आणि तुळाजी त्याला दिवसभराचं सगळं सांगायचा.

पाखऱ्यापासून झालेल्या गायी हंडे भरून दूध द्यायच्या. ही कीर्ती तालुक्याला गेली आणि तिथल्या रेतन केंद्रानं वळू मागून घेतला. तुळाजीही मागोमाग गेला. तिथं त्यानं वळूच्या बीजानं गायी भरवायचं, म्हणजे गाभण करायचं, काम शिकून घेतलं. केंद्रावर पाखऱ्याचं बीज बारीक कांड्यांत भरायचे आणि नायट्रोजनच्या भांड्यात गोठवून ठेवायचे. बोट लागलं तर कातडं सोलून निघावं अशी थंडी, पण तिच्यात बीज वर्षानुवर्षं जिवंत राहायचं.

मग गुरांत बुळकांडीची साथ आली. पाखऱ्या गेला. खोऱ्यातला एकूण एक वळू गेला. वाचल्या त्या थोड्या गायी, आणि त्यांना भरवायला कुणी उरलं नाही.

तेव्हा तुळाजी ते भांडं पाठीला बांधून घाट चढून आला. वाडीवाडीला हिंडला. झाकण उघडलं की पांढरा धूर निघायचा, आणि असं म्हणतात, भर वैशाखात आसपासच्या पानांवर दहिवर धरायचं. गाय माजावर आली की लोक हाका मारत यायचे. काम झालं की गायीभोवती जमायचे. तुळाजी हात धुऊन एकटाच निघायचा. जेवून जा, असं त्याला कुणी म्हटलं नाही. म्हणायचं नव्हतं असं नाही, कुणाला सुचलंच नाही.

आषाढात दरड कोसळली, घाट बंद झाला. नायट्रोजन आणायची सोय उरली नाही. भांड्यातला धूर विरळ होत चालला. तुळाजीनं घाईनं कांड्या वापरल्या, पण एक मागं ठेवली. त्याच्याकडे एक म्हातारी गाय होती. तिच्या पोटी पाखऱ्याचं वासरू यावं, दारात पुन्हा कुणीतरी मान घालावी, एवढंच त्याला हवं होतं.

एका सकाळी ती गाय हंबरू लागली. तुळाजीनं कांडीसाठी पाणी कोमट करायला ठेवलं, तोच ठकूबाई गोरे आपली गाय ओढत दारात आली. तिची सून बाळंतपणात गेली होती. घरात तान्हं मूल होतं आणि दुभतं काहीच नव्हतं.

"तुळाजी, आज माजावर आलीय बघ."

"ठकूमावशी, एकच राहिलीय."

ठकूबाईनं त्याच्या गायीकडं पाहिलं आणि काय ते ओळखलं. "मग राहू दे बाबा," म्हणून ती वळली.

तुळाजीनं चुलीवरचं कोमट पाणी उतरवलं. मग म्हणाला, "मावशी, थांब. बांध तिला."

ठकूबाईच्या गायीला कालवड झाली, अंगावर थेट पाखऱ्याचे ठिपके. तुळाजी कुंपणाशी उभा राहून तिला बघून आला. पुढं घाट उघडला, नव्या कांड्या आल्या, पण त्या दुसऱ्या वळूंच्या. त्याची म्हातारी गाय पुन्हा माजावर आली नाही.

बरीच वर्षं गेली. दोन वाड्यांच्या मधल्या माळावर, हिरड्याखाली, तुळाजीनं बसल्या बसल्या प्राण सोडला. कुणाला पत्ता नव्हता. असं म्हणतात, त्या दुपारी खोऱ्यातली पाखऱ्याच्या वंशाची सगळी गुरं दावी तोडून माळ चढली. लोक मागून धावत गेले, तर गुरं हिरड्याभोवती दाटून उभी, आणि मधे तुळाजी. एक कालवड त्याचा हात चाटत होती. तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं, की ह्या माणसाला जेवताना आपल्यापैकी कुणीच कधी पाहिलं नाही.

म्हणून कुंभेरीत आजही गाय व्याली की पहिला खरवस घरात खात नाहीत. गावात जो एकटा राहतो त्याच्याकडं नेतात, तुळाजीचा वाटा म्हणून. वाटी ठेवून परत यायचं नसतं. त्याचं खाऊन होईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं असतं.